डब्यातली पांढरी पेन्सिल

कोहक्याहून बोलते आहे. ज्यांनी मागचे भाग पाहिले त्यांना माझं हे टेबल आणि मागची खिडकी ओळखीची झालीच असेल. जे पहिल्यांदाच आलेत त्यांच्यासाठी सांगते: कोहका म्हणजे भिलाईतली वस्ती. टाउनशिपच्या सेक्टरांपासून रेल्वेलाईन ओलांडून या बाजूला आलं, सुपेला मागे टाकला, की आमचं घर. एकेकाळी हे खेडं होतं. कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला क्वार्टर सोडावं लागतं. तसं आमच्या बाबांनीही सोडलं आणि इथे चार खोल्या बांधल्या. सामान हलवताना आईने काय काय टाकून दिलं त्याचा हिशोब नाही, पण बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा तिने स्वतःच्या मांडीवर घेऊन आणला. त्यात भेटकार्डं होती, बहुतेक हाताने केलेली.

आजचा विषय म्हणजे तो डबा. रंगीत पेन्सिलींनी केलेल्या शुभेच्छापत्रांचा इतिहास सांगायचा आहे, आणि कुठला रंग कुठल्या भावनेचा, हे कोणी आणि कधी ठरवलं, हेही. डब्यात नंतर आलेलं एक कार्ड मी कॅमेऱ्यासमोर धरते. ई-बुक वाचणाऱ्यांसाठी वर्णन करते. १९७६ सालची दिवाळी. केशरी आभाळ, लाल-पिवळा भुईनळा, खाली सात पणत्या. उजवीकडचा वरचा कोपरा फाटलेला आणि मग पुन्हा कणकेच्या खळीने चिकटवलेला. काढलं मी, वयाच्या दहाव्या वर्षी. फाडलं कोणी आणि चिकटवलं कोणी, ते शेवटी सांगेन.

आधी थोडं मागे जाऊ. शुभेच्छापत्र ही साहेबाने आणलेली गोष्ट, असं आपण सरसकट म्हणतो. पण ‘निमित्त साधून आपल्या माणसाला हातात मावेल एवढी खूण द्यायची’ ही कल्पना आपल्याकडे होतीच. आम्ही छत्तीसगडी मराठी लोक यात एक दाखला अभिमानाने देतो. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ रतनपूरला होते. दसऱ्याला सोनपत्ती द्यायची चाल या प्रदेशात त्यांनी सुरू केली, असं श्रेय इथली इतिहासाची पुस्तकं त्यांना देतात. म्हणजे आपलं आपट्याचं सोनं. पान हिरवं, आणि म्हणायचं सोनं! डोळ्यांना दिसतो तो रंग एक आणि मनाने घ्यायचा तो दुसरा. रंगांच्या भाषेचा पहिला धडा मला यातच दिसतो.

पत्रांचंही तसंच. मोगल आणि दख्खनी दरबारांत मानाच्या पत्राला सोनेरी शिंतोडे उडवलेला अफशानी कागद वापरत. तुमच्या-माझ्या घरात सोन्याचे शिंतोडे कुठले, पण लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावल्याशिवाय ती देवापुढे ठेवत नाहीत, हे आजही आहे. चार बोटं हळदीत, चार बोटं कुंकवात. पाकीट उघडायच्या आधीच बातमी कळते. आणि याच्या उलट टोकाला, मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. वर ‘श्री’ नाही, कुठे रंग नाही. पोस्टमनने दुरून असं कार्ड दाखवलं की बाया वाचायच्या आधीच रडायला लागत. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांनाही ते कार्ड वाचता यायचं. रंग आणि रंगाचा अभाव, या दोन्ही गोष्टी आपल्या टपालात छापील भेटकार्डाच्या आधीपासून बोलत होत्या.

आता साहेबाकडे. इंग्लंडात १८४० साली पेनी पोस्ट सुरू झालं, म्हणजे एका पेनीत देशभर कुठेही पत्र. त्या टपालसुधारणेशी संबंध असलेला हेन्री कोल नावाचा गृहस्थ होता. नाताळला इतक्या लोकांना उत्तरं लिहायची म्हणून तो कंटाळला. १८४३ मध्ये त्याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं, सुमारे हजार प्रती छापल्या आणि उरलेल्या विकायला ठेवल्या. किंमत एक शिलिंग. बारा पेनींचा एक शिलिंग, म्हणजे एका कार्डाच्या पैशात बारा पत्रं गेली असती! चित्रात घरातलं लहान मूलसुद्धा वाइन पिताना दाखवलं म्हणून ओरडही झाली. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्या कार्डावर रेषा छापलेल्या होत्या आणि रंग हाताने भरलेले होते. नाताळचं पहिलं बाजारी शुभेच्छापत्र हे अर्धं हातानेच केलेलं होतं. पुढे रंगीत शिळाछपाई आली आणि हात बाजूला झाले.

आपल्याकडे १ जुलै १८७९ ला पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. त्यावर चित्र काढायची मुभा कोणी दिली नव्हती, पण काढायचे लोक. आमच्या डब्यात आजोबांचं एक आहे. मजकूर संपल्यावर उरलेल्या दोन बोटं जागेत त्यांनी लाल-निळ्या पेन्सिलीने गणपती काढला आहे. ती एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी असलेली कचेरीतली पेन्सिल आठवते का कोणाला? कितीतरी लोकांची पहिली रंगीत पेन्सिल तीच होती.

पेन्सिलीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण भिलाईवाल्याला यात गंमत वाटेल. काळी पेन्सिल भट्टीतून जाते. ग्राफाइट आणि चिकणमाती मळून, कांडी करून ती भाजायची, ही युक्ती निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये काढली. माती जास्त तर कांडी कडक, कमी तर मऊ. रंगीत पेन्सिल मात्र अशी भाजत नाहीत, रंग मरेल. रंगद्रव्य, पांढरी माती, डिंक आणि मेण किंवा तेल यांची कांडी नुसती वाळवतात. म्हणून ती ठिसूळ. खाली पडली की आतल्या आत तुटते आणि मग शार्पनरमध्ये घातली की टोक बाहेर न येता तुकडाच पडतो. वर्गातली मुलं पेन्सिल पाडतात तेव्हा मी ओरडते ते याचसाठी. बाबा म्हणायचे, “माझ्या भट्टीतला माल पाडून दाखव, काही होणार नाही.” त्यांना विनोद फार सुचत नसत. हा एक सुचला होता आणि तो त्यांनी तीस वर्षं वापरला.

भिलाईच्या कारखान्याचा करार सोव्हिएत युनियनशी झाला तो २ फेब्रुवारी १९५५ ला, आणि पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. बाबा त्याच सुमारास वर्ध्याहून इथे आले. विदर्भातून असे खूप जण आले. गाडीत बसलं की नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग, आणि उतरलं. मराठी टिकली ती या रेल्वेलाईनमुळे आणि टपालामुळे, असं मला नेहमी वाटतं. आणि इथे होते रशियन. रशियन कॉम्प्लेक्समधल्या बायका भाजीबाजारात हिंदीत घासाघीस करत.

रशियन भाषेत पेन्सिलीला म्हणतात ‘करंदाश’. शब्द मुळात तुर्की कुळातला, काळा दगड या अर्थाचा. मॉस्कोत जन्मलेल्या एमान्युएल प्वारे या फ्रेंच व्यंगचित्रकाराने ‘कारान दाश’ हेच टोपणनाव घेतलं, आणि १९२४ मध्ये जिनिव्हात पेन्सिलीचा कारखाना निघाला तो या व्यंगचित्रकाराच्या नावाने. पाण्यात विरघळणारी रंगीत पेन्सिल त्यांनी १९३१ साली आणली. योगायोग असा की त्याच १९३१ मध्ये मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी शाई करायला सुरुवात केली, जिचं पुढे कॅमलिन झालं. उंटाची खूण नसलेली कंपासपेटी आमच्या पिढीत मराठी घरात सापडणं कठीण. नटराजवाली हिंदुस्थान पेन्सिल्स १९५८ ची, म्हणजे साधारण भिलाईच्याच वयाची. मॉस्कोतला मोठा पेन्सिल कारखाना होता साक्को आणि वांझेत्ती यांच्या नावाचा. अमेरिकेत १९२७ साली देहदंड झालेल्या दोन इटालियन कामगारांची नावं सोव्हिएत मुलांच्या पेन्सिलींवर! इतिहास कुठे कुठे जाऊन बसतो.

त्या कारखान्याची एक पेटी आमच्या घरी होती. बाबांच्या खात्यातल्या एका रशियन इंजिनियरच्या बायकोने मला दिलेली. मी तिला आंटी म्हणायची. आठ मार्चला रशियन लोक बायकांना कार्डं देतात हे बाबांकडून कळलं, म्हणून मी तिच्यासाठी एक केलं. पिवळी फुलं काढली, कारण आपल्याकडे पिवळं म्हणजे हळद, म्हणजे मंगल. मोजून चार. आंटीने कार्ड पाहिलं, हसली, मला जवळ घेतलं, आणि मग माझ्याच पेटीतली पिवळी पेन्सिल घेऊन तिने पाचवं फूल काढलं. बोलली काहीच नाही. खूप वर्षांनी कळलं की त्यांच्याकडे सम संख्येची फुलं प्रेताला वाहतात. रंग माझा बरोबर होता, मोजणी चुकली होती. पिवळी मिमोझा तर त्यांच्या आठ मार्चच्या कार्डांवर हटकून असते. ते कार्ड अर्थातच आमच्या डब्यात नाही, ते तिच्याबरोबर गेलं. पण त्यांची छापील नववर्षाची कार्डं आहेत. सशांची, साळींदरांची. व्लादिमीर झारूबिन नावाचा ॲनिमेशनवाला चित्रकार ती काढायचा. बर्फात निळ्या सावल्या आणि खिडकीत एकच पिवळा चौकोन. थंडी आणि ऊब दोन पेन्सिलींत.

इथे ‘रंग आणि भाव’ या विषयाकडे येते. मागच्या भागानंतर कितीतरी जणांनी एकच गोष्ट विचारली: अमुक प्रसंगाला कुठला रंग वापरायचा, तक्ता द्या. तक्ते आहेत, मंडळी, फार जुने आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात आठ रसांना आठ रंग दिलेत. शृंगाराचा श्याम, हास्याचा पांढरा, रौद्राचा लाल, वीराचा गौर, भयानकाचा काळा, बीभत्साचा निळा, अद्भुताचा पिवळा. आणि करुणाचा? कपोत. कबुतराचा रंग. आजच्या तक्त्यात आणि या तक्त्यात जमतं का बघा. आज प्रेमाचं कार्ड लाल, भरताकडे लाल म्हणजे राग. आज निळा म्हणजे शांती, तिथे निळा म्हणजे किळस.

जर्मन कवी ग्योटेनेही १८१० मध्ये रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. न्यूटनने प्रकाश मोजला, याने मन मोजायचा प्रयत्न केला. निळ्या भिंतींची खोली मोठी वाटते पण रिकामी आणि गार वाटते, असं तो म्हणतो. पिवळ्याबद्दल त्याचं निरीक्षण मला फार पटतं: पिवळा आनंदी रंग आहे, पण जरा मळला की सगळ्यांत वाईट तोच दिसतो. ज्याने पेन्सिलीने काम केलंय त्याला हे माहीत असतं. शिसपेन्सिलीची रेघ न खोडता वरून पिवळा फिरवला की शेवाळ्यासारखा घाण हिरवट रंग येतो आणि मग तो कशानेही जात नाही. म्हणून पिवळा आधी, रेघ पुसून, हलक्या हाताने. लाल त्याच्यावर. निळा सगळ्यांत शेवटी.

तक्त्यांपेक्षा मला आपल्या भाषेतली रंगांची नावं जास्त भरवशाची वाटतात. ती लुगड्यांच्या दुकानातून आली आहेत, म्हणजे बायकांच्या तोंडून. अबोली, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी, गुलबक्षी, विटकरी, श्रीखंडी. आणि पारवा. भरताचा कपोत तो हाच! संस्कृतातला पारावत म्हणजे कबुतर. शनिवारी माझ्याकडे कोहक्यातली मुलं चित्रं काढायला येतात. त्यांच्या घरी छत्तीसगडी बोलतात. मी ‘पारवा’ म्हटलं तेव्हा एक मुलगी लगेच म्हणाली, “परेवा? हमर घर के छानी म बइठथे.” छत्तीसगडीत कबुतराला परेवा म्हणतात. तिला रंग शिकवावा लागला नाही.

बाराच्या पेटीत पारवा नसतो. करावा लागतो. आधी निळ्याचा अगदी पुसट थर, पेन्सिल आडवी धरून. त्यावर तपकिरीचा, उलट्या दिशेने. मग जिथे मान वळते तिथे जरा जांभळा, जरा हिरवा. निव्वळ राखाडी पेन्सिलीने काढलेलं दुःख सिमेंटसारखं दिसतं. कबुतराच्या मानेवर ऊन पडलं की चमक येते ना, ती ठेवली तर समोरच्याला वाटतं की कोणीतरी आपल्याजवळ बसलंय. सांत्वनाचं कार्ड करायचंच असेल तर मी असं करते.

आणि पांढरी पेन्सिल. प्रत्येक पेटीत असते आणि प्रत्येक पेटीत शेवटपर्यंत नवीकोरी राहते. मुलं विचारतात, ही दिलीच कशाला? तिचं काम वर्षातून एकदा, आमच्याकडे तरी संक्रांतीला. बाकी वर्षभर काळा वर्ज्य, संक्रांतीला मात्र चंद्रकळा. आई फोटोंच्या जुन्या अल्बममधलं काळं पान काढून द्यायची. त्यावर पांढऱ्या पेन्सिलीने हलव्याचे दागिने काढायचे. हलव्याच्या दाण्याला काटा असतो, म्हणून टोक बारीक हवं आणि ठिपक्याभोवती ठिपके द्यायचे. एका दागिन्याला तासभर लागतो. आत चार दाणे खरे हलव्याचे, पाकिटात. वर्ध्याला पोचेपर्यंत त्यांचा चुरा व्हायचा, पण जायचे. वर्ध्याचा मराठी पोस्टमन हात लावूनच ओळखायचा म्हणे, संक्रांतीचं आहे. काळ्या रंगाचा भाव काय, असं मला कोणी विचारलं तर मी आधी महिना विचारते.

आमच्या वर्ध्याच्या मावशीकडचा कागद मला नेहमी मिळायचा. मगनवाडीचा हातकागद. गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचं काम १९३४ पासून तिथे सुरू झालं, त्यात हातकागदही होता. पुण्याची हातकागद संस्था त्यानंतरची, १९४० ची. गिरणीच्या गुळगुळीत कागदावर मेणाचा रंग घसरतो, हातकागदाच्या खरबरीत अंगावर बसतो. मावसाजी दर उन्हाळ्यात मला दहा-बारा पानं गुंडाळून देत. बोलायचे कमी. “चित्रं काढ,” एवढंच.

१९७६ च्या श्रावणात मावसाजी गेले. आम्ही गाठ घ्यायला गेलो, परत आलो. दिवाळी आली तेव्हा आईने मला बजावलं, “यंदा मावशीकडे सण नाही. कार्ड पाठवायचं नाही.” मी हो म्हटलं. मला सण नाही म्हणजे फराळ नाही एवढंच समजलं. मावसाजींनी दिलेल्या कागदाचं शेवटचं पान माझ्याकडे उरलं होतं. त्यावर मी हा भुईनळा काढला, माझ्या सगळ्यांत चांगल्या पेन्सिलींनी, त्या मॉस्कोच्या पेटीतल्या लाल आणि केशरीने, इतकं दाबून की कागदाला चकाकी आली. आणि शाळेतून येताना सेक्टरच्या पेटीत स्वतः टाकलं.

उत्तर आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मावशी भेटली तेव्हाही काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. आईला कार्डाचं कळलं होतं, हे मला पुष्कळ नंतर समजलं. मावशीनेच तिला पत्रातून सुनावलं होतं.

मावशी २००९ मध्ये गेली. तिच्या ट्रंकेतून हे कार्ड मावसबहिणीने काढून मला दिलं. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, तिला तो दिवस चांगला आठवतो. त्या वर्षी रिवाजाप्रमाणे कोणाचं एकही कार्ड आलं नव्हतं. आलं ते हे एकच, असं लालभडक. मावशीने कागद ओळखला. आधी ती काही वेळ तो अंगठ्याने चाचपत बसली. मग तिने कोपरा टरकन फाडला, अशुभ पत्राचा फाडतात तसा, आणि कार्ड ट्रंकेच्या तळाशी पालथं टाकलं. फाडलेला तुकडा चुलीत टाकला असेल असंच ताईला वाटत होतं.

पण तो तुकडा इथे आहे. जागच्या जागी, रेघेला रेघ जुळवून, कणकेच्या खळीने चिकटवलेला. ताई म्हणते तिने चिकटवला नाही. भावांपैकी कोणी असं काही करणारं नाही. मावशीने केव्हा केलं, त्याच दिवाळीत की वीस वर्षांनी, ते तिने कोणाला सांगितलं नाही. खळ जुनी आहे, पिवळी पडलेली, एवढंच दिसतं.

युनिसेफचं पहिलं शुभेच्छापत्र १९४९ चं. युद्धानंतर मदत मिळाली म्हणून आभार मानायला चेकोस्लोव्हाकियातल्या यित्का साम्कोवा या सात वर्षांच्या मुलीने काढलेलं चित्र त्यावर होतं. खांबाभोवती नाचणारी मुलं. वर्गात मी हे कार्ड दाखवते तेव्हा मुलं रंग मोजतात. मी त्यांना एकदा माझंही दाखवलं. कोपऱ्यातून जी फाटल्याची रेघ जाते ती केशरी आभाळातून जाते, आणि तिथे कागदाचा पांढरा धागा उघडा पडलाय. त्या परेवावाल्या मुलीने माझ्यापुढे केशरी पेन्सिल धरली, टोक करून. म्हणाली, भर दो ना टीचर, दिखेगा नहीं.

पेन्सिल मी तिच्याकडून घेतली आणि पेटीत परत ठेवली. त्या दिवशी आम्ही मग संक्रांतीचं काम सुरू केलं. काळा कागद सुपेल्याच्या बाजारात मिळतो आता, अल्बम फाडावा लागत नाही. पुढच्या भागात हलव्याचा काटा कसा काढायचा ते हात जवळून दाखवून सांगते. पांढरी पेन्सिल घेऊन बसा.